माल्टाला जाताना कपडे कोणते घ्यायचे: हवा, वारा आणि दगडी घरं

माल्टाचं तिकीट काढलं की पहिली काळजी व्हिसाची आणि दुसरी कपड्यांची. व्हिसाचं एजंट बघतो. कपड्यांचं मात्र बहुतेक जण फोनवर हवामानाचा आकडा बघून ठरवतात आणि तिथेच गडबड होते. जानेवारीत १५ अंश दिसले की पुणेकर म्हणतो, एवढी थंडी आमच्याकडेही पडते. ऑगस्टमध्ये ३२ दिसले की नागपूरकर म्हणतो, हा कसला उन्हाळा! तिथे उतरल्यावर दोघांचाही अंदाज चुकतो. कारण या बेटावर अंगाला लागतो तो वारा, डोळ्यांना लागतो तो पांढरट दगड आणि हिवाळ्यात हाडांत शिरतो तो घरातला ओलावा. फोनवरच्या आकड्यात या तिन्ही गोष्टी दिसत नाहीत. म्हणून बॅग भरायला घेण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने बघून घ्या. आठवडाभर फिरायला जाणाऱ्यांना त्या उपयोगी पडतीलच, पण शिकायला किंवा नोकरीला निघालेल्या मुलामुलींनी हिवाळ्याचा भाग आवर्जून वाचावा.

१. आधी पावसाळ्याचं डोक्यातलं गणित बदला

आपल्याकडे उन्हाळा तापला की त्यामागून पाऊस येतो. भूमध्य समुद्रात उन्हाळा पूर्ण कोरडा आणि पाऊस हिवाळ्यात. उन्हाळ्यात अटलांटिककडचा जास्त दाबाचा पट्टा भूमध्य समुद्रावर पसरतो आणि ढगांना फिरकू देत नाही. हिवाळ्यात तो पट्टा दक्षिणेला सरकतो आणि पश्चिमेकडून येणाऱ्या वादळांना वाट मोकळी होते. माल्टा सिसिलीच्या दक्षिणेला जेमतेम ९० किलोमीटरवर, सुमारे ३६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. वर्षभरात तिथे साधारण ५५० मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईत एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. पण माल्टातला बहुतेक पाऊस ऑक्टोबर ते फेब्रुवारी या महिन्यांत पडतो आणि पडतो तेव्हा तासाभरात रस्त्याचा ओढा करून टाकतो. इम्सिडा, बिरकिरकारा अशा सखल भागांत पाणी तुंबतं. जून ते ऑगस्ट थेंब पडला तर नवल.

म्हणून सह्याद्रीची सवय असलेल्या डोळ्यांना तिथलं चित्र वेगळं दिसतं. जुलैत शेतं पिवळी, करडी आणि भेगाळलेली असतात. जानेवारी ते मार्चमध्ये तीच शेतं हिरवीगार होऊन पिवळ्या फुलांनी भरून जातात. हिरवं माल्टा बघायचं असेल तर रेनकोट लागतो. उन्हाळ्यात जाणार असाल तर छत्री घरी ठेवली तरी चालेल.

२. महिना ठरवा, मग कपाट उघडा

ज्याला निवडीची मुभा आहे त्याने एप्रिलचा उत्तरार्ध ते मे, किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर धरावा. एप्रिलमध्ये दुपारी सुमारे २० अंश असतं, मेमध्ये २४. ऑक्टोबरमध्ये पुन्हा २५ च्या आसपास. या दिवसांत सुती शर्ट किंवा कुर्ता, साधी पॅंट आणि संध्याकाळी चढवायला एक पातळ जॅकेट एवढ्यावर भागतं.

मे आणि ऑक्टोबर यांची हवा सारखी वाटली तरी समुद्र सारखा नसतो. पाणी उशिरा तापतं आणि उशिरा निवतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये समुद्राचं पाणी १५-१६ अंशांवर असतं. मेमध्ये बाहेर छान ऊन असलं तरी पाणी १८-१९ अंशांपुढे जात नाही. कोकणातल्या कोमट समुद्रात वाढलेल्या माणसाला ते चांगलंच झोंबतं. ऑगस्टमध्ये पाणी २६-२७ अंशांवर जातं आणि ऑक्टोबरमध्येही २३-२४ असतं. ज्यांना पोहायचं आहे त्यांनी शरद ऋतू निवडावा. ज्यांना देवळं, किल्ले आणि कड्यांवरून चालायचं आहे त्यांनी वसंत.

जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचा पारा सरासरी ३२ पर्यंत जातो, आणि आफ्रिकेकडून झोत आला की चाळिशी गाठतो. रात्रीसुद्धा २२-२३ च्या खाली फारसा उतरत नाही. ऑगस्टच्या संध्याकाळी दमट हवेने अंग चिकट होतं, तेव्हा मुंबईकराला घरच्यासारखं वाटेल. जूनमध्ये सूर्य रात्री सव्वाआठच्या पुढे मावळतो. म्हणजे ऊन किती तास अंगावर घ्यायचं हे तुमच्या हातात आहे. सकाळी आठ ते अकरा फिरा, दुपारी खोलीत झोपा आणि पाचनंतर पुन्हा बाहेर पडा. तिथले लोकही असंच करतात. डिसेंबरात मात्र पावणेपाच-पाचलाच अंधार होतो, तेव्हा बेत सकाळपासून आखावा लागतो.

३. वाऱ्याची दिशा रोज बघा

मला विचाराल तर माल्टाच्या बॅगेतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे साधी विंडचीटर. टोपी असलेली, पाणी अडवणारी, मुठीएवढी घडी होणारी. ती ऑगस्ट सोडून सगळे महिने उपयोगी पडते, आणि ऑगस्टमध्येही बोटीत लागते.

बेट एवढंसं आहे आणि डोंगर नाहीत. सगळ्यात उंच जागा डिंगलीच्या कड्यांजवळ, तीही २५३ मीटर. वाऱ्याला अडवणारं काही नाही. तीन वारे ओळखून ठेवा. वायव्येकडून येतो तो मायिस्त्राल. हा वर्षभर सगळ्यात जास्त वाहतो, उन्हाळ्यात सुखाचा वाटतो आणि हिवाळ्यात कापत जातो. ईशान्येचा ग्रीगाल बहुतेक हिवाळ्यात उठतो आणि समुद्र खवळवतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये याच वाऱ्याच्या वादळात लाटांबरोबर मासे रस्त्यावर येऊन पडले होते. आग्नेयेचा श्लॉक सहाराकडून येतो. त्याच्याबरोबर उकाडा, दमटपणा आणि तांबूस धूळ येते. श्लॉक असताना पाऊस पडला तर गाड्यांवर चिखलाचे ठिपके उठतात आणि गच्चीवर वाळत घातलेले पांढरे कपडे पुन्हा धुवावे लागतात. फिकट पांढऱ्यापेक्षा बदामी, खाकी, निळे रंग प्रवासात बरे पडतात ते यामुळेही.

वाऱ्याची दिशा कपड्यांपुरती नाही, किनारा निवडायलाही लागते. वायव्येचा वारा असेल तर गोल्डन बे आणि आयन तुफीहा या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाटा आपटत असतात. त्या दिवशी आग्नेयेच्या मार्साश्लॉककडे, सेंट पीटर्स पूलकडे जा. ईशान्येचा वारा असेल तर उलट करा, मेल्लिया आणि स्लीमाची ईशान्येकडची बाजू सोडून गोल्डन बे गाठा. बेट लहान असल्यामुळे खवळलेला समुद्र सोडून त्याच दिवशी शांत समुद्रावर पोहोचता येतं.

वाऱ्यामुळे आणखी दोन गोष्टी. छत्री उलटी होते, म्हणून पावसाळी महिन्यांत भर रेनकोटावर द्या. आणि टोपी हनुवटीखाली दोरी बांधता येईल अशी घ्या. कड्यावर टोपी उडाली तर तिच्यामागे धावू नका, तिथे बऱ्याच ठिकाणी कठडे नाहीत.

४. उन्हाळ्याचे कपडे: झाकलेले, सैल, सुती

युरोपला जायचं म्हणून हाफ पॅंट आणि बिनबाह्यांचे कपडे विकत घेणारे पुष्कळ दिसतात. माझं मत उलट आहे. माल्टात सावली दुर्मीळ आहे. जंगल नाही, बारमाही नदी नाही, रस्त्याकडेला झाडं कमी. घरं, तटबंद्या, चर्च, गल्ल्या सगळं एकाच मधाळ-पिवळ्या चुनखडीच्या दगडाचं. ऊन वरून येतं तसं भिंतींवरून आणि फरसबंदीवरूनही अंगावर येतं. दुपारी राजधानी व्हॅलेटाच्या चौकात उभं राहिलं की टोपी असूनही डोळे मिटतात, कारण उजेड खालून येत असतो. म्हणून गॉगल चैनीची वस्तू समजू नका. लहान मुलांनाही घ्या.

आपल्या घरातलेच कपडे इथे सगळ्यात चांगले. मलमलचा किंवा खादीचा सैल, पूर्ण बाह्यांचा कुर्ता, सुती पायजमा किंवा सलवार, लिननचा शर्ट. घाम सुकतो, खांदे भाजत नाहीत, आणि चर्चमध्ये शिरताना वेगळी तयारी लागत नाही. पॉलिएस्टर टाळा. जीन्स एखादी असू द्या, पण जुलैत ती कपाटातच राहील. आई किंवा सासूबाई बरोबर असतील आणि साडीच नेसणार असतील तर सुती साडी शहरात छान चालते. बोटीच्या दिवशी मात्र पंजाबी ड्रेस घालायला लावा. बोटीच्या अरुंद पायऱ्या, वारा आणि उडणारं खारं पाणी यांत पदर सांभाळणं जिकिरीचं होतं.

ओढणी किंवा मोठा सुती स्टोल प्रत्येकाजवळ हवा, पुरुषांजवळही. मानेवर ऊन अडवतो, एसीच्या बसमध्ये गारठा अडवतो, धुळीत नाकावर येतो. सनस्क्रीन ५० एसपीएफचं, दर दोन तासांनी. आपली त्वचा सावळी म्हणून ते नको, हा गैरसमज आहे. वाऱ्यामुळे ऊन लागल्याचं कळत नाही आणि रात्री अंघोळीच्या वेळी पाठ पेटते.

५. चपलांवर घाई करू नका

कपडे चुकले तर तिथे विकत घेता येतात, पाय मुरगळला तर सहल संपते. व्हॅलेटा १५६६ मध्ये वसवलेलं शहर. एका उंच सोंडेवर बांधलेलं, त्यामुळे बाजूच्या गल्ल्या सरळ समुद्राकडे उतरतात आणि त्यांतल्या कित्येक पायऱ्यांच्या आहेत. साडेचारशे वर्षांच्या वापराने त्या पायऱ्यांची कड गोल झालेली आहे आणि मधला भाग जुन्या पाट्यासारखा गुळगुळीत. थोडंसं पाणी पडलं, किंवा नुसती पहाटेची दमट हवा असली, तरी त्यावर पाय सरकतो. उतरताना भिंतीच्या बाजूने चाला.

रबरी, खाचा असलेल्या तळव्याचे, आधी महिनाभर घालून सैल केलेले बूट हेच मुख्य पादत्राण. कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर शोभते हे खरं, पण तिचा चामडी तळवा या दगडावर धरत नाही आणि खाऱ्या पाण्याने चामडं कडक होतं. ती जेवायला जाण्यापुरती ठेवा. समुद्रासाठी वेगळे रबरी पाणबूट हवेत. माल्टात वाळूचे किनारे मोजकेच. बाकी सगळीकडे खडकांवरून, लोखंडी शिडीने पाण्यात उतरायचं. खडकाच्या पाण्याखालच्या भागावर शेवाळ असतं आणि भेगांत काटेरी समुद्री अर्चिन. त्याचा काटा तळपायात मोडला की काढताना पाणी येतं डोळ्यांत.

६. चर्चमध्ये जाताना

माल्टा मनापासून कॅथलिक आहे आणि चर्च ही तिथे रोज वापरातली जागा आहे. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, स्त्रियांचेही आणि पुरुषांचेही. आपण देवळात जाताना जे भान ठेवतो तेच इथे ठेवायचं, एवढं पुरे. व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स को-कॅथीड्रलमध्ये टोकदार उंच टाचांच्या चपला चालत नाहीत. तिथली जमीन म्हणजे सेंट जॉनच्या पंथातल्या लढवय्या सरदारांच्या थडग्यांवर बसवलेल्या रंगीत संगमरवरी शिळा आहेत, टाचांनी त्यांना खळगे पडतात. याच ठिकाणी इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जिओचं सेंट जॉनच्या शिरच्छेदाचं भव्य चित्र आहे, तेव्हा केवळ कपड्यांमुळे दारावर अडून राहणं परवडणारं नाही.

उन्हाळ्यात गावोगावी संतांच्या जत्रा भरतात, त्यांना फेस्टा म्हणतात. १५ ऑगस्टला सांता मारिया, सगळ्यात मोठी. संध्याकाळी लोक चांगले कपडे घालून, मुलंबाळं घेऊन बाहेर पडतात, बँड वाजतो, दारूकाम होतं. अशा वेळी किनाऱ्यावरच्या कपड्यांत जाऊ नये. एखादा चांगला कुर्ता, साडी किंवा इस्त्रीचा शर्ट त्यासाठी राखून ठेवा.

७. समुद्रात आणि समुद्राबाहेर

पोहायला कोणी काय घालावं यात कोणी लक्ष घालत नाही. पूर्ण बाह्यांचा टी-शर्टसारखा पोहण्याचा पोशाख आणि लेगिंग्ज घालणाऱ्या बायका तिथे असतात, आणि ऊन व जेलीफिश या दोन्हींपासून तो पोशाख वाचवतो. फक्त सुती कपड्यांनी पाण्यात उतरू नका. ओले झाले की जड होतात, पायांत अडकतात. किनाऱ्यावरून रस्त्यावर येताना वर कपडा चढवा. पुरुषांनीही उघड्या अंगाने दुकानात शिरू नये, तिथल्यांना ते आवडत नाही.

जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यांवर लाल झेंडा दिसला तर पाण्यात जायचं नाही. जांभळा झेंडा म्हणजे जेलीफिश. ती डसली तर जागा चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्याच पाण्याने धुऊन जीवरक्षकाकडे जा.

टॉवेलऐवजी पंचा न्या. जाड टॉवेल दमट हवेत दुसऱ्या दिवसापर्यंत ओलाच राहतो. पंचा त्या वाऱ्यात अर्ध्या तासात खडखडीत वाळतो, बॅगेत जागा घेत नाही आणि कोमिनो या शेजारच्या छोट्या बेटावरच्या ब्लू लगूनसारख्या बिनसावलीच्या ठिकाणी डोक्यावर घेता येतो.

८. हिवाळा आणि दगडी घर

शिकायला, हॉटेलात, दवाखान्यात काम करायला जाणाऱ्यांसाठी हा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. जानेवारी-फेब्रुवारीत दिवसा १५-१६ आणि रात्री ९-१० अंश. बर्फ नाही, धुकं क्वचित. वाचताना सोपं वाटतं. पण तिथली घरं उन्हाळ्याला तोंड देण्यासाठी बांधलेली आहेत. उंच छत, टाइल्सची फरशी, सच्छिद्र दगडाच्या भिंती. उत्तर युरोपातल्यासारखी घरभर उष्णता देणारी सोय बहुतेक घरांत नसते. दगड पाऊस पितो आणि ओलावा आत सोडतो. दुपारी बाहेर उन्हात स्वेटर काढावा लागतो, आणि घरात शिरल्यावर तोच पुन्हा चढवावा लागतो. तीन दिवस सलग पाऊस झाला की भाड्याच्या खोलीच्या कोपऱ्यात, कपाटामागे काळसर बुरशी धरते. स्टँडवर घातलेली जीन्स दोन दिवसांनी हाताला कोरडी लागते, पण घातल्यावर कंबरेपाशी गारच.

तेव्हा बाहेरच्यापेक्षा घरातल्या कपड्यांची तयारी जास्त करा. थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे, जाड तळव्याच्या सपाता, कानटोपी, एक शाल. गरम पाण्याची रबरी पिशवी घ्याच. झोपण्याआधी अंथरुणात ठेवली की गादीचा दमटपणा जातो. बाहेरसाठी एक जाड पण एकच जॅकेट, आणि त्यावर विंडचीटर. हिमाचलला नेतो तसा अंगभर फुगीर कोट तिथे वाया जातो. बसमध्ये आणि उन्हात त्यात घाम फुटतो. पातळ थरांवर थर घालणं हाच मार्ग.

खोली भाड्याने घेताना दक्षिणेकडे खिडकी आहे का बघा. हिवाळ्यात सूर्य दुपारीही खाली असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट आत येतं. एसी गरम हवाही देतो का ते विचारा, वीजबिल कोण भरतं तेही. ओलावा शोषणारं यंत्र घरमालकाने दिलं तर फार बरं, नाहीतर दोघा-तिघांनी मिळून घ्यावं. गच्चीवर वाळत घालायला जागा आहे का, हेही आधीच विचारून ठेवा. कपडे भिंतीला लावून ठेवू नका, चामड्याच्या वस्तू आणि रेशमी साड्या कापडी पिशवीत ठेवून अधूनमधून उन्हात काढा.

९. आता बॅग भरा

भारतातून जाणारे बहुतेक जण दुबई, इस्तंबूल किंवा युरोपातल्या एखाद्या शहरात विमान बदलतात. पुढचं विमान स्वस्तातलं असेल तर सामानाची मर्यादा वेगळी आणि कडक असते, ती आधी तपासा. एक जोड कपडे, विंडचीटर आणि औषधं हातातल्या बॅगेत असू द्या. प्लग ब्रिटनसारखा, तीन चौकोनी पिनांचा लागतो. आपला गोल पिनांचा चालत नाही.

रोजच्या पाठीवरच्या पिशवीत पाणी, टोपी, गॉगल, सनस्क्रीन, स्टोल आणि विंडचीटर, एवढं बाराही महिने असावं. गोझो या शेजारच्या बेटावर जाणार असाल तर फेरीच्या वरच्या डेकवर बसायला मिळतं. माल्टाच्या चिर्केव्वा बंदरातून गोझोच्या इम्जार बंदरात पोचायला २५ मिनिटं लागतात आणि तेवढ्यात मेमध्येही दात वाजतात. लहान मुलांना आधीच जॅकेट घालून मग वर न्या.

जॅकेट, छत्री, पाणबूट, जाड मोजे यांतलं काही राहिलं तर स्लीमा आणि व्हॅलेटात सहज मिळतं. फक्त रविवारी गावांतली बरीच दुकानं बंद असतात हे ध्यानात ठेवा. सैल सुती कुर्ते, पंचे आणि मलमलची ओढणी मात्र घरूनच न्या. तिथे त्या तोडीचं सुती कापड शोधायला गेलात तर दुपार जाईल आणि पैसेही जास्त जातील.